नागपुरात राहून स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय: पॅडी, एसएसआय की आणखी काही?

सोनेगावकर
मंडळी, नमस्कार. वय २७, मिहानमध्ये नोकरी, पोहणं शाळेपासून पक्कं. गेल्या हिवाळ्यात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तो पर्यटकांचा डायव्ह केला आणि तेव्हापासून डोक्यात एकच: पूर्णवेळ इन्स्ट्रक्टर व्हायचं. नेटवर शोधलं तर डायव्हिंग शिकवून कार्ड (प्रमाणपत्र) देणाऱ्या संस्थांची रांगच: पॅडी, एसएसआय, नाऊई, सीमास, बीसॅक... जो तो म्हणतो आम्हीच खरे.

विचारायचं एवढंच. भारतात काम मिळायला कोणाचं कार्ड बरं? 'झिरो टू हिरो' नावाचं, नवशिक्याला थेट इन्स्ट्रक्टरपर्यंत नेणारं एकगठ्ठा पॅकेज घ्यावं की एकेक कोर्स करत जावं? आणि यातलं नागपुरात बसून काय काय उरकतं? घरी अजून बोललो नाही. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, पेन्शन नसलेल्या कामाला ते काम मानत नाहीत.

इतवारीचा_राजा
काय भाऊ, फुटाळा तलावात क्लास काढून राह्यला काय? पहिली ॲडमिशन माही. तर्री-पोहे खाऊन डायरेक्ट उतरतो.

खारे_वारे
मी पॅडीचा इन्स्ट्रक्टर. मूळ वर्ध्याचा, काही सीझन अंदमानात हॅवलॉक बेटावर काढले, आता कर्नाटकात नेत्राणी बेटाच्या बाजूला असतो. जरा लांबण लावतो.

सोनेगावकर, किल्ल्याजवळ तुम्ही केला त्यात तुमचं जॅकेट, तुमची हवा, तुमची खोली सगळं मागून दुसरा माणूस सांभाळत होता. त्याला कोर्स म्हणत नाहीत. खरी सुरुवात ओपन वॉटर या पहिल्या कोर्सपासून: थिअरी, स्विमिंग टँकमधला सराव आणि समुद्रात ४ डायव्ह, मर्यादा १८ मीटर. मग ॲडव्हान्स्ड, ५ डायव्ह, ३० मीटरपर्यंत. त्यात खोल पाणी आणि होकायंत्रावर दिशा काढणं सक्तीचं. मग प्रथमोपचार आणि सीपीआर, मग रेस्क्यू. रेस्क्यू नीट घासून करा. तिथं पहिल्यांदा लक्ष स्वतःवरून दुसऱ्यावर जातं.

पुढं डाइव्हमास्टर, म्हणजे धंद्यातली पहिली पायरी. वय १८ पूर्ण, सुरू करताना लॉगबुकात ४० डायव्ह, संपवताना ६०. चारशे मीटर पोहणं, १५ मिनिटं तरंगणं, मास्क-स्नॉर्कल-फिन्स लावून आठशे मीटर, दमलेल्या डायव्हरला शंभर मीटर ओढत नेणं, तरंगणं सोडून बाकीच्यांना वेळेप्रमाणे गुण. आणि पाण्याखाली जोडीदाराशी आख्खा सरंजाम अदलाबदल करायचा, तेही दोघांत एकाच रेग्युलेटरवर श्वास घेत. भल्याभल्यांची तिथं तंतरते.

शेवटी आयडीसी, म्हणजे इन्स्ट्रक्टर कोर्स. तुम्हाला पहिलं कार्ड मिळून किमान ६ महिने झालेले हवेत आणि आयई या परीक्षेला बसेपर्यंत १०० डायव्ह नोंदलेले हवेत. आयडीसी तुमचा कोर्स डायरेक्टर घेतो, आयई मात्र पॅडीनं पाठवलेला परीक्षक. शिकवणारा वेगळा, पास-नापास ठरवणारा वेगळा. पॅडीची ही गोष्ट मला पटते.

पॅकेजबद्दल: 'झिरो टू हिरो'वाल्यांचे १०० डायव्ह बहुतेक एकाच बेटाभोवती, एकाच मोसमात, एकाच बोटीवरून होतात. कागदावर शंभर ते शंभरच. पण पहिल्यांदा उलटा प्रवाह लागला आणि मागं चार घाबरलेले विद्यार्थी असले की कळतं काय ते.

बुडबुडा
खारे_वारे, माहिती चोख, पण सगळी पॅडीचीच. मी एसएसआयचा. ओपन वॉटर दोन्हींकडं सारखंच आहे, कारण दोघंही एकाच आयएसओ मानकाला धरून चालतात: २४८०१ डायव्हरसाठी, २४८०२ इन्स्ट्रक्टरसाठी. सीबीएसई की स्टेट बोर्ड, एवढाच फरक. न्यूटन दोन्हीकडं तोच. समुद्र काही कार्ड विचारत नाही.

एसएसआयचं साहित्य डिजिटल आहे आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतं. शिवाय कोर्समधल्या कौशल्यांचा क्रम बदलायची मोकळीक इन्स्ट्रक्टरला बऱ्यापैकी असते.

खारे_वारे
@बुडबुडा, मान्य. पण त्यांना ही बाजूही सांगा की एसएसआयचा इन्स्ट्रक्टर एखाद्या एसएसआय सेंटरशी जोडलेला असल्याशिवाय शिकवू शकत नाही. पॅडीवाला स्वतंत्रपणे शिकवू शकतो. नागपूरच्या माणसाला हा फरक मोठा आहे.

दुसरं, बदलीचं गणित. पॅडीवरून एसएसआयला जायला छोटा क्रॉसओव्हर पुरतो. उलट दिशेनं यायचं तर इन्स्ट्रक्टर कोर्सचा भाग आणि आयई दोन्ही करावं लागतं.

बुडबुडा
बरोबर आहे. पण नव्या पोरानं स्वतंत्र शिकवावंच कशाला? पहिली दोन-तीन वर्षं सेंटरच्या छत्राखाली, अनुभवी माणसाच्या नजरेसमोर काढावीत. मला तो नियम अडचण वाटत नाही, भलाई वाटते.

सोनेगावकर
दोघांचेही आभार. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात हेच आहे की पुढंमागं नागपुरात काहीतरी करावं. आठवड्याला एखादा स्विमिंग टँक भाड्यानं, थिअरी शनिवारी, आणि बॅच घेऊन समुद्रावर. इथं आयटीवाले, डॉक्टर, मेडिकलची पोरं खूप आहेत, सगळे अंदमानला जातात आणि तिथंच सुट्टीतले तीन-चार दिवस कोर्समध्ये घालवतात. कल्पना येडपटासारखी आहे का?

मिहान_ते_माहीम
येडपट नाही. पुण्या-मुंबईत, बंगळुरूला हेच चालतं. पण सिलिंडरचं काय? एक ॲल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं, २०० बारला भरलं की त्यात दोन हजार लिटरच्या वर हवा. ती भरायला श्वासाच्या दर्जाचा कॉम्प्रेसर लागतो, टायरवाल्याचा चालत नाही. आणि बाहेरून मागवलेलं सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं, पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता लागते. त्यात आपली चांदी अशी, की पेसोचं मुख्यालय सेमिनरी हिल्सलाच. गोव्याच्या माणसाला काही अडलं तर नागपूर गाठायला लागेल, तुम्ही दुपारच्या डब्याच्या सुट्टीत जाऊन याल.

इतवारीचा_राजा
भाऊ, सरकारी ऑफिसात डब्याच्या सुट्टीत गेलं तर कोणी भेटत नाही. तुम्ही नागपूरचे ना?

मिहान_ते_माहीम
😄 खरं. आणखी एक गंमत. किती खोल किती वेळ राहायचं ते सांगणाऱ्या डायव्हिंगच्या तक्त्यांमध्ये ३०० मीटरच्या वरच्या पाण्याला उंचीवरचं डायव्हिंग धरतात आणि वेगळे नियम लावतात, कारण हवेचा दाब कमी. नागपूरची उंची साधारण ३१० मीटर. म्हणजे इथल्या तलावात पुस्तकाप्रमाणे हाय-अल्टिट्यूड डायव्हिंग! लडाखवाल्यांना सांगा.

खारे_वारे
दहा मीटरसाठी नियमाचा कीस नको, पण मुद्दा पुस्तकाला धरून आहे. टँकवर शिकवताना जास्त उपयोगाची गोष्ट वेगळीच: गोड्या पाण्यात उचल कमी. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, त्यामुळं टँकवर बरोबर बसलेलं कमरेचं शिशाचं वजन घेऊन समुद्रात उडी मारली तर विद्यार्थी वरच तरंगत राहतो. माणूस आणि सामान मिळून शंभर किलोच्या घरात असेल तर दोन-अडीच किलो वाढवावंच लागतं. नागपूरची बॅच समुद्रावर न्याल तेव्हा पहिल्याच सकाळी वजनाची तपासणी.

देवबागची_माका
मालवणकर. वर कोणीतरी 'त्याला कोर्स म्हणत नाहीत' म्हणून गेलं, बरोबर आहे, पण म्हणून मालवणला नावं ठेवू नका. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं रीतसर कोर्स होतात आणि सरावासाठी खास टँक आहे. पर्यटकाला अर्ध्या तासात मासे दाखवणारी बोट आणि शिक्षण देणारी संस्था, दोन्ही आमच्याकडं आहेत. बुकिंग करताना कोणती घेतोय ते विचारा.

पाणी अंदमानएवढं स्वच्छ नसतं हे कबूल. पण गढूळ पाण्यात शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात राजा असतो, उलट झालं तर पंचाईत. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं सगळं बंद, तेव्हा मे महिन्यात नागपूर तापलं म्हणून धावत येऊ नका, शेवटच्या दिवसांत कोणाला धड शिकवायला वेळ नसतो.

नळस्टॉप
अवांतर: आमचा एक मित्र म्हणतो डायव्हिंगचं कार्ड घेऊन ऑइल रिगवर जा, तिथं डॉलरमध्ये पगार. खरं का?

जुना_पाणबुड्या
नाही. तो धंदाच निराळा. रिगवर वेल्डिंग, कापणी, तपासणी करणारे ते कमर्शियल डायव्हर. त्यांचं प्रशिक्षण, त्यांची मेडिकल, वरून नळीनं येणारी हवा, सगळं वेगळं. पॅडीचं इन्स्ट्रक्टर कार्ड दाखवून रिगवर कोणी दारात उभं करणार नाही, आणि रिगवरचा माणूस आपोआप शिकवायला पात्र होत नाही.

सीमासचं नाव आलंय म्हणून सांगतो. १९५९ मध्ये स्थापना, पहिले अध्यक्ष ज्याक कुस्तो. तिथं एक, दोन, तीन असे तारे असतात, डायव्हरलाही आणि इन्स्ट्रक्टरलाही. युरोपातल्या क्लबांमध्ये वजन मोठं. आम्ही त्यातच शिकलो आणि मला ती पद्धत आजही जास्त कसाची वाटते. पण पर्यटकांच्या धंद्यात, हॅवलॉकपासून थायलंडच्या को ताओपर्यंत, मालक जाहिरात देतो तेव्हा पॅडी किंवा एसएसआय लिहितो. भावना बाजूला ठेवून त्यातलंच घ्या. नाऊईसुद्धा उत्तम संस्था आहे, पण आपल्याकडं सेंटरं मोजकी.

डॉ_रामदासपेठ
कान-नाक-घसा. कार्डाची चर्चा झाली, आता शरीराची.

सुरुवातीला एक छापील प्रश्नावली भरून द्यावी लागते, मुख्य प्रश्न १०. काही प्रश्नांना 'हो' असेल तर थेट डॉक्टरकडं, बाकींना 'हो' असेल तर पुढचे उपप्रश्न, आणि त्यातल्या कशालाही 'हो' आलं तर डॉक्टरकडं. डाइव्हमास्टर-इन्स्ट्रक्टरसाठी मात्र सगळी उत्तरं 'नाही' असली तरी डॉक्टरची सही लागते, १२ महिन्यांच्या आतली. लाखो रुपये भरण्याआधी हे करून घ्या. माझ्याकडं एक मुलगा पैसे भरून झाल्यावर आला होता. लहानपणी फुफ्फुसाभोवती आपोआप हवा भरून ते मिटल्याचा इतिहास. त्याला नाहीच म्हणावं लागलं, कारण वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुस पुन्हा फाटू शकतं.

कानांचं: १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच बसतो. वरच्या पाण्यात दर हातभर खाली जाताना कान मोकळे करा, दुखायची वाट बघू नका. इन्स्ट्रक्टरचं दुखणं असं की तो दिवसभर उथळ पाण्यात वर-खाली करतो, आणि कानाला नेमकं तेच नको असतं. पडदा पूर्वी फाटलाय का, सर्दी-ॲलर्जीचा त्रास कायमचा आहे का, आधी दाखवून घ्या.

आणि आपल्या विदर्भासाठी एक वेगळी तपासणी. इथं सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि वाहक असलेल्या कितीतरी लोकांना ते माहीतही नसतं. ऑक्सिजन कमी पडला की या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात. आजार असेल तर डायव्हिंग नको. नुसते वाहक असाल तर डायव्हिंग मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरशी बोलून ठरवा. छापील फॉर्मवर हे नाव घेऊन कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहिलं. इलेक्ट्रोफोरेसिस ही त्याची रक्ततपासणी, ती एकदाच करावी लागते.

सोनेगावकर
डॉक्टर, हे कुठंच वाचलं नव्हतं. या आठवड्यात तपासून घेतो.

बर्डीवाली
वाचतेय. वाचनखूण साठवली. नवऱ्याला दाखवणार नाही.

निळी_ओढणी
मी उशिरा आले धाग्यावर. इन्स्ट्रक्टर आहे, माहेर अमरावती. कार्ड कोणतं यावर इतकं दळण झालं, पण काम कसं असतं हे कोणी बोललंच नाही.

सीझनमध्ये सकाळी सहाला सिलिंडर उचलण्यापासून सुरुवात. नवशिक्यांना १२ मीटरच्या आत एकेक करून फिरवायचं. दिवसात तीन-चार वेळा तेच खडक, तोच बोटीखालचा मासा, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावर पहिल्यांदाच बघतोय असा आनंद ठेवायचा, कारण समोरचा खरंच पहिल्यांदा बघत असतो. तुम्हाला स्वतःला शांतपणे डायव्ह करायला फार कमी मिळतं. ज्यांना समुद्र आवडतो आणि माणसं आवडत नाहीत, ते वर्षभरात परत जातात. मी असे बरेच बघितले.

पाण्याखाली इन्स्ट्रक्टर मासे बघत नाही, डोळे बघतो. मास्कच्या आत डोळे मोठे झाले, श्वास भरभर व्हायला लागला, हात इकडंतिकडं पाणी मारायला लागले की पुढच्या काही सेकंदांत तो वर सुसाट निघणार, आणि श्वास रोखून निघाला तर डॉक्टरांनी वर लिहिलंय तेच. त्याआधी तुम्ही त्याचा हात धरलेला पाहिजे. आयईत हेच बघतात. विद्यार्थी बनलेल्या बाकीच्या उमेदवारांना परीक्षक मुद्दाम चुका करायला लावतो, तुमच्या नजरेतून सुटलं की गुण गेले. बाकी लेखी पेपर भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, उपकरणं वगैरे पाच, प्रत्येकी ७५ टक्के. नियमपुस्तिकेचा पेपर वेगळा, तो पुस्तक उघडून. बारावी सायन्सवाल्याला अवघड नाही.

पैसे: सुरुवातीला राहायला खोली, जेवण, थोडा पगार आणि विद्यार्थ्यामागं कमिशन. पावसाळ्यात यातलं बरंचसं बंद. आमच्यातले काही तेव्हा बालीकडं जातात, तिथं तेव्हा कोरडा मोसम असतो, पण तिकडं कामाचा रीतसर परवाना लागतो, टूरिस्ट व्हिसावर शिकवू नका. इन्स्ट्रक्टरच्या नावावर दरवर्षी सभासद फी आणि विमा भरावा लागतो. पॅकेजचे पैसे विचारताना आयईची फी, साहित्य, पहिली सभासद फी यात धरलीय का, हे लिहून मागा. मी जिथं डाइव्हमास्टर केलं तिथं कोर्स फुकट होता, त्या बदल्यात मी सीझनभर सिलिंडर भरले आणि वेटसूट धुतले. शिकवायला कोणाला वेळ नव्हता.

एक फायदा मात्र सांगते. मराठी, हिंदी बोलणारी बाई इन्स्ट्रक्टर असली की बायका आणि मुली हमखास तिलाच मागतात. आत्या-मावश्यांची वयं घेऊन येणाऱ्यासुद्धा.

बर्डीवाली
ताई, मावशी हजर आहे. नेत्राणी की हॅवलॉक, सांगा फक्त.

आईचा_डबा
माझा भाचा यातच आहे. तीन वर्षांत कंबर गेली आणि लग्न जमेना, मुलीकडचे विचारतात चार महिने घरी बसून काय करतो. सोनेगावकर, नोकरी सोडू नका हो.

निळी_ओढणी
@आईचा_डबा, कंबरेचं कारण सिलिंडर उचलण्याची पद्धत असते, ती शिकवतात. लग्नाचं मला सांगता येणार नाही, माझं बोटीच्या कॅप्टनशी झालं.

खारे_वारे
निळी_ओढणी यांच्या प्रतिसादाला +१००. एक भर: सेंटर निवडताना संस्थेच्या लोगोपेक्षा हे विचारा की एका इन्स्ट्रक्टरमागं पाण्यात किती विद्यार्थी असतात. पॅडीत ओपन वॉटरला समुद्रात ८ ही कमाल मर्यादा आहे. चांगली सेंटरं स्वतःहून चारवर थांबतात. कोर्स डायरेक्टरशी फोनवर बोला. तो तुम्हाला प्रश्न विचारतो की फक्त तारीख आणि ॲडव्हान्स विचारतो, त्यावरूनच बरंच समजतं.

सोनेगावकर
(धागा वर काढतोय.) तपासणी झाली, सिकलसेल नाही, कान ठीक. घरी सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले, "पोहणं मी शिकवलं, माझाच दोष."

ठरवलं ते असं. नोकरी सोडत नाही. थिअरी इथूनच ऑनलाइन करतोय, ओपन वॉटर दिवाळीनंतर तारकर्लीला, ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यू अंदमानात दोन वेगवेगळ्या सुट्ट्यांत. तोपर्यंत वेगवेगळ्या पाण्यात डायव्ह वाढवायचे. डाइव्हमास्टरला मोठी रजा लागेल, तेव्हा परत इथं विचारीन. पॅडी घेतोय, कारण नागपुरात टँकवर शिकवायचं ते डोक्यातून गेलेलं नाही.

परत येतानाच्या विमानाचं काय? हॅवलॉकहून शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि दुपारी फ्लाइट, असं ट्रॅव्हलवाला म्हणतोय.

जुना_पाणबुड्या
ट्रॅव्हलवाल्याला बदला. एकापेक्षा जास्त डायव्ह केले असतील तर शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, एकच असेल तर १२. रक्तात उरलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. शेवटचा दिवस बीचवर काढा.

बुडबुडा
माझं नाव निघालं म्हणून नम्र निषेध. आणि पॅडी घेतलंत त्याचाही.

चष्मिश_धंतोली
माझा प्रश्न राहिलाच. उणे चारचा नंबर आहे. चष्म्यावर मास्क बसत नाही ना? मग काय करतात?

निळी_ओढणी
नंबरच्या काचा असलेला मास्क मिळतो, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. सॉफ्ट लेन्सही चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी भरायच्या सरावाला डोळे मिटून घ्यायचे. पाण्यात वस्तू तशाही मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळं कमी नंबरवाल्यांचं बिनचष्म्याचंही भागतं. उणे चारचं नाही भागायचं. मास्क आपलाच घ्या, सेंटरवर तुमच्या नंबरचा असेलच असं नाही.